जमिनीखालचे दुतोंडे

आपल्या जिल्ह्यातील कास्तकारास कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी, रेतारी ही जमिनीची प्रतवारी शिकवावी लागत नाही. ढेकूळ हातात घेताच तो ती सांगतो. परंतु त्याच ढेकळाखाली वस्ती करून राहणाऱ्या जिवांची प्रतवारी विचारली, तर बहुतेकांचे उत्तर गांडूळ, उधई आणि साप एवढ्या तीन शब्दांत संपते. उकिरडा उपसताना, पऱ्ह्यांसाठी जागा खणताना, बोडीचा गाळ काढताना किंवा धुऱ्यावरचा जुना दगड उलथताना जे जे बिनपायाचे, वळवळणारे आणि दोन्ही टोकांनी सारखे दिसणारे दृष्टीस पडेल, त्यास 'दुतोंड्या' हे एक नाव द्यावे व कुदळीच्या तुंब्याने ठेचावे, हा आपला सर्वसाधारण रिवाज आहे. या एका नावाखाली वस्तुतः निरनिराळे प्राणी मोडतात. त्यांची गल्लत झाल्याने कास्तकाराचे दोन प्रकारे नुकसान होते. एक पैशाचे व दुसरे जिवाचे. ते कसे, हे ध्यानात येण्यास आधी प्राणी ओळखला पाहिजे.

मागे व पुढे सारख्याच सहजतेने चालणारा बिनपायाचा प्राणी जगात खरोखर आहे. मात्र तो हिंदुस्थानात नाही. प्राणिशास्त्रज्ञ त्याच्या गणास ॲम्फिस्बेनिया असे म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'दोहींकडे जाणारा' असा आहे. आपण त्यास सोयीसाठी कृमि-सरडा म्हणू. कारण रूपाने तो कृमीसारखा असला, तरी नात्याने सरड्यांचा भाऊबंद आहे. त्याच्या सुमारे 200 जाती ज्ञात आहेत. दक्षिण अमेरिका, वेस्ट इंडीज बेटे, आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, अरबस्तान, इराक व इराणचा नैऋत्य कोपरा हा त्याचा मुलूख. तेथून पूर्वेस, म्हणजे आपल्या बाजूस, तो आलेला नाही.

दक्षिण अमेरिकेच्या उष्ण व दाट अरण्यांत याची एक काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची जात राहते. लिनियस या शास्त्रज्ञाने 1758 साली तिला शास्त्रीय नाव दिले. लांबी सुमारे हातभर. पाय नाहीत, कानाची भोके नाहीत, डोळे कातडीखाली झाकलेले. बांगड्या एकीस एक लावून ठेवाव्यात तशी सर्वांगावर कातडीची वलये असतात, आणि कातडी अंगावर सैल बसलेली असल्यामुळे आधी ती पुढे सरकते व मग आतले धड तिच्यामागून ओढले जाते. कवटीची हाडे इतकी घट्ट सांधलेली असतात की डोके हीच त्याची कुदळ होय. शेपूट आखूड व बोथट. बिळात वळण्यास जागा नसते, तेव्हा आलेल्या वाटेनेच उलटे जाता येणे ही त्याची गरज आहे. त्यात चमत्कार काही नाही. परंतु माणसाने तेवढ्यावरून त्यास दुसरे डोके बहाल केले. ब्राझीलमधील लोक त्यास आजही 'दोन डोक्यांचा साप' म्हणतात.

हेन्री वॉल्टर बेट्स नावाचा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ 1848 पासून 1859 पर्यंत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात राहिला व 1863 साली त्याने आपला वृत्तान्त ग्रंथरूपाने छापला. त्यात त्याने नमूद केले आहे की, तेथील रहिवासी या प्राण्यास पाने कापणाऱ्या मुंग्यांची आई मानतात, त्यास बिळातून नेल्यास मुंग्या वारूळ सोडून जातात असे सांगतात, आणि निरुपद्रवी असूनही त्यास जहरी समजून भितात. आपल्या खेड्यातील चावडीवर बसून ऐकावी अशीच ही गोष्ट आहे. आठ-दहा हजार मैलांच्या अंतरावर, भाषा व धर्म निराळा असूनही, बोथट शेपटीच्या प्राण्याविषयी माणसाची कल्पना त्याच वाटेने धावली, ही गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. परक्या मुलखातील प्राण्यास येथे एवढी जागा दिली, ती याचसाठी.

आपल्याकडे कृमि-सरड्याची जागा ज्याने घेतली आहे, तो वाळा होय. वाळा म्हणजे उन्हाळ्यात ताट्यांना लावतात ते सुगंधी मुळांचे गवत नव्हे. हा वाळा सापांच्या जातीचा आहे. त्यासच कोठे कोठे आंधळा साप म्हणतात. लांबीस तो वितीपेक्षा आखूड, जाडीस आगकाडीहून थोडा अधिक, रंगाने काळपट तपकिरी आणि तेल लावल्यासारखा तुकतुकीत. पावसाळ्याच्या आरंभी न्हाणीच्या मोरीत, कुंडीखाली, ओल्या भिंतीच्या पायथ्याशी वा शेणखताच्या ढिगात तो हमखास सापडतो. बायकामंडळी त्यास गांडूळ समजून केरसुणीने लोटतात. पुरुषमंडळी सापाचे पिल्लू समजून मारतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. तो पुरता वाढलेला, आपल्या जातीत प्रौढ असा साप असतो.

गांडूळ व वाळा यांतील भेद कळण्यास भिंगाची आवश्यकता नाही. गांडुळाचे अंग ओले व बुळबुळीत, त्यावर वलये, आणि स्पर्श होताच ते आकसून आखूड होते. वाळ्याचे अंग कोरडे, त्यावर बारीक गुळगुळीत खवले एकावर एक बसलेले, आणि तो आकसत नाही, तर सळसळून आडवातिडवा पळतो. गांडुळास जीभ नाही. वाळा बारीकशी दुभंगलेली जीभ बाहेर काढतो. डोळ्यांच्या जागी खवल्याखाली दोन काळे ठिपके दिसतात. त्यांना उजेड व अंधार एवढे कळते, याहून अधिक पाहण्याची मातब्बरी त्यांत नाही. शेपटीच्या टोकास एक लहान काटा असतो. तो जमिनीत रोवून वाळा पुढे रेटा घेतो. हातात धरल्यास हाच काटा टोचतो आणि लोकांस वाटते की दुसऱ्या तोंडाने दंश केला! काट्यात विष नाही, तोंडातही नाही, आणि तोंड तर इतके लहान, डोक्याच्या खालच्या अंगास इतके दडलेले की, माणसाची कातडी त्यात धरली जाणेच अशक्य.

वाळा कानात शिरतो व मेंदूपर्यंत जातो, ही समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. भुईवर निजणाऱ्या मुलांच्या आया तिच्यामुळे धास्तावून असतात. वाळ्यास ओली माती व मुंग्यांची घरटी पाहिजेत. माणसाच्या कानात यांपैकी काहीच नसते. भुईवर निजण्यास भ्यावयाचे असेल, तर ते मण्यारीस भ्यावे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

याचे खाणे म्हणजे मुंग्यांची व उधईची अंडी, अळ्या आणि कोश. मुंग्यांच्या वासाच्या मागावर तो त्यांच्या बिळात उतरतो. गुळगुळीत व घट्ट खवल्यांमुळे मुंग्यांच्या चाव्याचे त्यास फारसे काही वाटत नाही. गहू, ऊस वा नवीन लावलेली आंब्याची कलमे उधईने पोखरलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस वाळा हा मित्रपक्षातला आहे हे सांगण्याची जरुरी नाही. तथापि येथे अतिशयोक्ती करणे योग्य नव्हे. चार वाळे शेतात असले म्हणून उधईचे वारूळ नाहीसे होईल, असे कोणी समजू नये. तो आपल्या पोटापुरते खातो, पिकाचे मूळ कुरतडत नाही, धान्यास तोंड लावीत नाही, आणि सारा मागत नाही. इतका निरुपद्रवी कूळ मिळणे कठीण.

या क्षुद्र दिसणाऱ्या जिवाची एक गोष्ट मात्र मोठमोठ्या प्राण्यांत नाही. आजवर तपासलेले या जातीचे वाळे मादीच निघाले आहेत. नर आढळलेला नाही. नराच्या संयोगावाचून मादी दोन ते सहा-सात अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच निपजतात. प्राण्यांच्या पेशीत रंगसूत्रांचे सामान्यतः दोन संच असतात, याच्यात तीन आहेत. या गोष्टीचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. सापांच्या साऱ्या जातींत नियमाने अशी प्रजा होणारी ही एकच जात ज्ञात आहे. याचा व्यावहारिक परिणाम असा की, झाडाच्या मुळाशी असलेल्या मातीच्या गोळ्यातून एकच वाळा परमुलखी गेला तरी तेथे त्याचा वंश सुरू होतो. अशा रीतीने कुंड्या व रोपे यांच्याबरोबर तो आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि प्रशांत महासागरातील कित्येक बेटे इतका दूरवर पोचला आहे. हवाई बेटांवर जमिनीवर राहणारा साप म्हणून वस्ती करून असलेला एवढा एकच. रोपवाटिकेतून कलमे आणणाऱ्या बागाईतदारांनी मुळाची माती उकलून पाहिल्यास तेथेही त्याची भेट होण्याचा संभव आहे.

याच कुळातला चोचीचा वाळा दख्खनमध्ये आढळतो. त्याचा तोंडाचा शेंडा पोपटाच्या चोचीसारखा खाली वळलेला असतो आणि लांबी दोन फुटांपर्यंत भरते. तोही बिनविषारी. याहून अधिक त्याच्याविषयी आपणास येथे जाणण्याचे कारण नाही.

आता नावाचा इतिहास. पॅट्रिक रसेल नावाचे एक डॉक्टर अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत विशाखापट्टणम् येथे होते. सर्पदंशाने माणसे मरतात, परंतु कोणता साप विषारी व कोणता निर्विष हे खात्रीने सांगता येत नाही, हे पाहून त्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील सर्प गोळा केले, त्यांची चित्रे काढविली आणि 1796 साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वाळ्याचे चित्र असून तेथील लोकांच्या तोंडचे त्याचे तेलुगू नाव दिलेले आहे. त्याचा अर्थ 'दोन डोक्यांचा साप' असा होतो. त्या चित्रावरून दोदँ नामक फ्रेंच शास्त्रज्ञाने 1803 साली वाळ्यास शास्त्रीय नाव दिले, व ते देताना त्यास एरिक्स या वर्गात घातले. हा एरिक्स वर्ग म्हणजे मांडुळाचा वर्ग! मांडुळास तर रसेलसाहेबांनीच 1801 साली, तरंगमबाडी येथील जॉन या मिशनऱ्याच्या नावावरून, नाव दिले होते. म्हणजे वाळा आणि मांडूळ यांची गल्लत आपल्या खेडुतांनीच केली असे नाही. पॅरिसच्या विद्वानांच्या दप्तरीही ते काही काळ एकाच खात्यावर चढले होते. पुढे फेरफार होऊन दोघांची खाती निराळी झाली. ज्या घोणसीस इंग्रजीत रसेलची घोणस म्हणतात, ते नाव याच डॉक्टरांवरून पडले आहे.

सापसुरळीविषयी थोडक्यात लिहितो. ती साप नव्हे. सरडा व पाल यांच्या नात्यातली आहे. तिचे अंग सापासारखे चकचकीत व पाय फार आखूड असल्याने ती गवतातून पळताना सापाचे पिल्लूच भासते. परंतु तिला पापण्या आहेत, कानाची भोके आहेत आणि संकटात सापडल्यास ती शेपूट तोडून टाकते. या तिन्ही गोष्टी सापास नाहीत. सापसुरळी चावली असता माणूस पाणी मागत नाही, असे जे सांगतात, त्यास काडीचाही आधार नाही. आपल्या देशातील कोणत्याही पालीच्या, सरड्याच्या किंवा सुरळीच्या दंशाने मनुष्यास विषबाधा होत नाही. ती शेतातील किडे, टोळ व कोळी खाऊन राहते.

मांडुळाचा विषय मात्र एवढ्यावर सोडता येत नाही. नदीकाठच्या रेतारीत, भुसभुशीत बरड जमिनीत व उंदरांच्या बिळांत मांडूळ राहते. अंग जाड, लालसर तपकिरी, खवले बारीक. मान निराळी दिसत नाही. शेपूट तुटके वाटावे इतके बोथट. दोन-अडीच फूट ही त्याची साधारण लांबी; क्वचित् चार फुटांच्या जवळ जाते. ते संथ असते, चावण्याची त्यास हौस नसते, आणि विष तर मुळीच नाही. शत्रूची चाहूल लागताच अंगाचे वेटोळे करून डोके त्याखाली लपवावे व बोथट शेपूट वर करून हलवावे, ही त्याची युक्ती; शत्रूचा तडाखा शेपटीवर बसतो व डोके वाचते. पुष्कळ मांडुळांच्या शेपटीवर जुने व्रण दिसतात ते अशाच प्रसंगांचे. गारुडी लोक त्यावर आणखी डागण्या देऊन डोळे व तोंड यांची आकृती उठवीत आणि दोन तोंडांचा साप म्हणून जत्रेत दाखवीत. सहा महिने या तोंडाने व सहा महिने त्या तोंडाने चालतो, ही कथा त्याच व्यापाराची पुरवणी होय. मांडुळाने चाटले असता महारोग किंवा कोड होते, हीही अशीच दुसरी. महारोग जंतूंपासून होतो व औषधाने पूर्ण बरा होतो.

याचे मुख्य भक्ष्य उंदीर आणि घुशींची पिले. वेटोळ्यात आवळून ते त्यांस मारते, आणि बिळात शिरून मारते. हे काम मांजरास व घुबडास साधत नाही. धानाच्या बांधीचे पार पोखरून पाणी फोडून देणाऱ्या उंदरांचा उपद्रव ज्यांनी सोसला आहे, त्यांनी या चाकराची किंमत आपापल्या मनाशी करावी. ते अंडी घालीत नाही, जिवंत पिले देते.

परंतु अलीकडे त्याची निराळीच किंमत सांगितली जाऊ लागली आहे. मांडुळाच्या अंगी गुप्तधन दाखविण्याची शक्ती असते, पैशाचा पाऊस पाडण्याच्या विधीस ते लागते, त्यापासून असाध्य रोगांवर औषध होते, परदेशात त्यास कोट्यवधी रुपये मिळतात, अशा वावड्या गेली काही वर्षे महाराष्ट्रभर पसरल्या असून त्यापायी पकडलेल्या टोळ्यांची वृत्ते वर्तमानपत्रांत वारंवार येतात. यांतील एकाही गोष्टीस वैद्यकशास्त्राचा वा प्राणिशास्त्राचा आधार नाही. या व्यवहाराची तऱ्हा बहुधा ठरलेली असते. कोणी अनोळखी गृहस्थ ओळखीच्या मनुष्यामार्फत येतो आणि अमुक इतक्या किलो वजनाचे मांडूळ असेल तर अमुक कोटी, असा दर सांगतो. सांगितलेले वजन सामान्य मांडुळाच्या आवाक्याबाहेरचे असते; एक किलो भरलेले मांडूळसुद्धा मोठेच समजावे. मग ते सापडेपर्यंतचा शोधाचा खर्च, सापडल्यावर तपासणीचा खर्च, तपासणाऱ्या 'साहेबां'चा प्रवासखर्च असे एकेक कलम निघते, आणि प्रत्येक वेळी पैसा जातो तो विकणाऱ्याच्याच गाठीचा. खरा खरीददार कोठेच नसतो. शेवटी कधी तोतया पोलीस येतात, कधी खरे.

महसुलाच्या दप्तरात ज्याचे आयुष्य गेले, त्यास खरेदी-विक्रीचा एक नियम पाठ असतो : इसार घेणाऱ्याने द्यावयाचा असतो. विकणाऱ्यापासून इसार मागणारा खरीददार हा खरीददार नव्हे. नदीच्या बाजूच्या एका मौज्यातील तीन एकरांचा खातेदार, शहाणासुरता व लिहितावाचता, या मोहात सापडून आपली एक बांधी गहाण टाकून बसलेला प्रस्तुत लेखकास ठाऊक आहे. मांडूळ त्याने लोखंडी पिंपात कोंडून ठेवले होते. ते दोन महिन्यांत मेले. पैसे घेऊन गेलेला इसम पुन्हा दिसला नाही. फिर्याद करावी, तर आपण स्वतः मांडूळ पकडून ठेवल्याचे आधी कबूल करावे लागते. म्हणून फिर्यादही नाही. या धंद्याची सारी मातब्बरी येथे आहे. नाडलेला मनुष्य स्वतः गुन्ह्यात अडकलेला असल्याने तोंड उघडीत नाही, आणि ठकास पुढच्या गावी जाण्यास वाट मोकळी राहते.

कायदा स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडुळास संरक्षण दिले असून ते पकडणे, बाळगणे, विकणे वा मारणे हा कैदेच्या व दंडाच्या शिक्षेचा गुन्हा होय. 2022 साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली, व दंडाच्या रकमा तिने वाढविल्या. 'माझ्या शेतात सापडले, सबब माझे' ही समजूत चुकीची आहे. सातबाऱ्यावर जमीन आपल्या नावाची असते. तीवरील वन्य प्राणी आपल्या नावाचे नसतात.

पैशाचे नुकसान झाले ते येणेप्रमाणे. जिवाचे नुकसान याहून आडवाटेने होते.

एखाद्यास वाळ्याचा काटा टोचतो, सापसुरळी चावते किंवा मांडूळ दात लावते. घरचे लोक घाबरून त्यास मांत्रिकाकडे नेतात. मांत्रिक कडुनिंबाचा डहाळा फिरवितो, मंत्र पुटपुटतो आणि मनुष्य तासाभरात घरी चालत येतो. तो न नेला असता तरी असाच चालला असता, कारण विष नव्हतेच. परंतु उताऱ्याचे श्रेय मांत्रिकाच्या नावे जमा होते. अशी दहा-पाच उदाहरणे झाली की त्या मांत्रिकाची कीर्ती पाच-दहा गावांत होते. मग एखाद्या श्रावणातल्या रात्री त्याच गावात कोणास मण्यार चावते, आणि गावकरी मोठ्या विश्वासाने त्यास त्याच दारी नेतात. मण्यारीच्या दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही. सूज दिसत नाही. थोड्या वेळाने पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येईनासे होते, जीभ अडखळते आणि श्वास मंदावतो. हा वेळच मोलाचा असतो व तोच डहाळे फिरविण्यात जातो. निर्विष प्राण्यांविषयीचे अज्ञान विषारी सापाचे बळी घेते, ते असे. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख, म्हणजे वर्षास सरासरी 58,000 माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील असून निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे नेमके रोवणी-निंदणीच्या दिवसांतले आहेत.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस आपल्या देशात तयार होते. मुंबईची हाफकिन संस्था तिच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य टोचतात. 2013 साली महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, साप, विंचू, कुत्रा इत्यादी चावलेल्या मनुष्यास वैद्यकीय उपचारापासून अडवून त्याऐवजी मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे यांचे उपचार करणे हे कृत्य स्पष्ट शब्दांत घातलेले आहे; त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. गावच्या प्रमुख मंडळींनी हे कलम आपल्याकडील मांत्रिकास एकदा वाचून दाखविण्यास हरकत नाही.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. हा लेख वाचून प्राणी ओळखता आला, वाळाच होता असे ठरले, तर दवाखान्यात जाण्याचे प्रयोजन काय? त्याचे उत्तर असे की, ओळख ही मारू नये यासाठी आणि फसू नये यासाठी आहे. उपचार टाळण्यासाठी नाही. दंश झाला तो काळोखात, आणि सकाळी अंथरुणाजवळ सापडला तो वाळा. यावरून चावणारा वाळाच होता असे सिद्ध होत नाही. मण्यार येऊन गेलेली असू शकते. तसेच दुरक्या घोणस नावाचा मांडुळाचा एक बिनविषारी भाऊबंद अंगावरील डागांमुळे खऱ्या घोणशीसारखा दिसतो, आणि त्याच्या भरवशावर खऱ्या घोणशीस हात घालणारे आढळतात. घोणशीचे डोके त्रिकोणी, मान स्पष्ट, पाठीवर साखळीसारख्या लांबट डागांच्या तीन रांगा असतात व ती कुकरच्या शिटीसारखा दीर्घ फूत्कार टाकते. दुरक्याचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड व खवले खरखरीत असतात. परंतु हा भेद पाच हातांवरून करावा. दंश झाला असेल तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. दंशाचा अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवून रोग्यास न चालविता नजीकच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे.

राहिला प्रश्न, शेतात हे प्राणी सापडल्यास काय करावे. मांडूळ दिसले तर त्यास आपल्या वाटेने जाऊ द्यावे. घरात किंवा गोठ्यात शिरले असेल तर वनरक्षकास अगर वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे, आणि ते कळविताना पारावर बोभाटा करू नये, कारण ऐकणाऱ्यांत कोण असेल याचा नेम नसतो. सापसुरळीस काहीच करावे लागत नाही. ती आपण होऊन जाते. मृगापूर्वी उकिरडा उपसून खत बांधीत टाकतेवेळी वाळे अधिक निघतात. त्या वेळी मजुरांस उघड्या हाताने खत ओढू देऊ नये, कारण त्याच उबेस नागही येतो. वाळा निघालाच तर त्यास फावड्यावर मातीसकट घेऊन सावलीत, ओलसर पाल्याखाली सोडावा. तापलेल्या कोरड्या भुईवर टाकल्यास तो घटकाभरही जगत नाही.